हिवाळ्यासाठी कंदांचा चारा: ढिगाच्या वजनाला भुलू नका

जिथे हिवाळ्यात गवत वाढायचंच थांबतं तिथे जनावरं पाळणाऱ्याला दरवर्षी एकच प्रश्न पडतो, की हे तीन-चार महिने दावणीला टाकायचं काय. वाळलेलं गवत आहे, पेंढा आहे, मुरघास (हवाबंद आंबवलेला हिरवा चारा) आहे, पण वाळलेल्या गवताने पोट भरतं आणि ताकद पुरत नाही, धान्य द्यावं तर ते परवडायला हवं. यावर एक जुना आणि खरंच दमदार उपाय म्हणजे कंदमुळांची पिकं, म्हणजे चाराबीट, सलगम, स्वीड (सलगमचाच भाऊबंद), गाजर वगैरे. पण याबद्दल जी माहिती फिरते ना ती एक तर "हेक्टरी शंभर टन निघतं" अशी भुरळ घालणारी असते नाहीतर "बीट खाऊन गाय मेली" अशी घाबरवणारी. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात आणि दोन्हींमागचं कारण एकच आहे, ते नीट समजलं की बाकी सगळं आपोआप उलगडत जातं म्हणून आधी तेच सांगतो.

बीट आडवं कापून बघा. आत झाडाच्या खोडासारखी एकात एक वर्तुळं दिसतात, सुरीला रस लागतो, फोड हातात दाबली की बोटं चिकट होतात. ते चिकट म्हणजे साखर. बीट ही दोन वर्षांची वनस्पती आहे, पहिल्या वर्षी ती पानांनी ऊन खाते आणि तयार झालेली साखर मुळात साठवते, मग हिवाळा काढून दुसऱ्या वर्षी त्या साठ्याच्या जोरावर दांडा काढते, फुलते, बी धरते. सलगम, स्वीड, गाजर यांचंही तसंच. म्हणजे झाडाने स्वतःच्या हिवाळ्यासाठी भरून ठेवलेली कोठी आपण मधेच उचलतो आणि आपल्या जनावराच्या हिवाळ्याला लावतो. आता त्या कोठीत आहे काय? पाणी आणि साखर. तंतू अगदी कमी, प्रथिनं कमी, फॉस्फरस कमी. थोडक्यात कंद हा दिसायला चारा असला तरी कामाने ते ओलं धान्य आहे, आणि गडबड नेमकी इथेच होते, लोक त्याला चाऱ्यासारखं पाटीने ओततात.

सगळा हिशोब कोरड्या वजनावर करायचा. कोरडं वजन म्हणजे सगळं पाणी उडून गेल्यावर जे उरतं ते. सलगममध्ये शंभर किलोला जेमतेम ८ ते १० किलो उरतं, स्वीडमध्ये १० ते १२, मँगेल नावाच्या जुन्या जाड बीटमध्ये १० ते १३, चाराबीटच्या सुधारित जातींत १४ ते २०, आणि शुगरबीटमध्ये २२-२५ पर्यंत. वाळलेल्या गवतात साधारण ८५ असतं. म्हणजे एक टन गवताएवढा कोरडा माल हवा असेल तर मँगेल सात टन लागेल! शेतातून ट्रॉल्याच्या ट्रॉल्या भरून येताना छाती फुगते ती बहुतेक पाण्याने. पण तरीही हे पीक मोठं आहेच, कारण हेक्टरी ८० टन चाराबीट १७ टक्क्यांनी धरलं तर साडेतेरा टनांच्या वर कोरडा माल होतो आणि त्यातल्या किलोकिलोत जवळपास धान्याएवढी एनर्जी असते. एवढ्या जमिनीतून एवढी ताकद काढणारी चाऱ्याची पिकं फार नाहीत.

आपल्या मालात कोरडं किती आहे ते घरी काढता येतं आणि प्रत्येकाने काढावंच, कारण जात, जमीन, पाऊस यांनी आकडा बराच हलतो. वेगवेगळ्या जागचे सात-आठ कंद घ्या, धुवून पुसून प्रत्येकाची वरपासून खालपर्यंत एक उभी फोड काढा (फक्त मधला तुकडा घेऊ नका, कंदात सगळीकडे साखर सारखी नसते), सगळ्या फोडी किसून एकत्र कालवा, त्यातला बरोबर १०० ग्रॅम कीस ताटलीत पातळ पसरून ओव्हनमध्ये शंभर डिग्रीच्या आसपास वाळवा. मधेमधे वजन करत राहायचं, दोन वेळा लागोपाठ तेच वजन आलं की थांबायचं. १६ ग्रॅम उरलं तर कोरडं वजन १६ टक्के. इतकं सोपं आहे पण यावर पुढचा सगळा हिशोब उभा राहतो.

समजा ५०० किलोची गाय आहे, तिला दिवसाला साधारण १२ किलो कोरडं खाणं लागतं. त्यातला तिसरा हिस्सा, म्हणजे ४ किलो, कंदातून द्यायचा ठरवलं तर १७ टक्केवालं चाराबीट २३-२४ किलो लागेल, १२ टक्केवालं मँगेल ३३ किलो लागेल आणि ९ टक्केवालं सलगम ४४ किलो. त्याच गायीला, त्याच ४ किलोसाठी! एका कंदाचा आकडा दुसऱ्याला लावला की एक तर जनावर उपाशी राहतं नाहीतर आजारी पडतं. आता दहा गाई आणि १२० दिवस धरा, चाराबीट रोज २४ किलो, तर २८-२९ टन झालं, साठवणीत थोडं सडणार, थोडं सुकणार म्हणून वर १०-१५ टक्के धरा, ३३ टन. हेक्टरी ६० टन असं हात राखून उत्पादन धरलं तर अर्ध्या हेक्टरच्या किंचित वर, म्हणजे साधारण एक एकर चौदा-पंधरा गुंठे जमीन पुरते. पहिल्या वर्षी याहून जास्त लावू नका असं मी मनापासून सांगेन, कारण पीक येणं सोपं आहे, काढणं आणि साठवणं हे काम अंगावर येतं.

कोणता कंद निवडायचा? वेळ कमी असेल तर सलगम, दोन ते तीन महिन्यांत तयार होतं पण फार टिकत नाही आणि कडक गारठ्यात खराब होतं, म्हणून हिवाळ्याच्या सुरुवातीला संपवायचं. स्वीड हा कोबी आणि सलगमच्या संकरातून आलेला कंद, पाच-सहा महिने घेतो पण थंडी सोसतो, बऱ्याच ठिकाणी शेतातच उभा ठेवतात. मँगेल आणि चाराबीट सहा-सात महिने घेतात, गोठवणारी थंडी मात्र सोसत नाहीत, विशेषतः मँगेल, कारण त्याचा निम्म्याहून जास्त कंद जमिनीच्या वर उघडा असतो. गाजराचं उत्पादन कमी आणि मेहनत जास्त, पण एक गोष्ट फक्त त्याच्याकडे आहे, कॅरोटीन, ज्यापासून जनावर जीवनसत्त्व अ बनवतं, पांढऱ्या गराच्या कंदांत ते जवळजवळ नसतंच. घोडे असतील तर गाजर लावाच.

मँगेलच्या नावाची एक गोष्ट आहे. जर्मनमध्ये ते मांगोल्डवुर्झेल, सरळ अर्थ बीटाचं मूळ. पण ऐकणाऱ्यांनी मांगोल्डचं मांगेल केलं आणि मांगेल म्हणजे जर्मनमध्ये टंचाई, मग फ्रेंचमध्ये त्याचं भाषांतरच झालं "टंचाईचं मूळ" आणि दुष्काळात तारणारं पीक अशी त्याची ख्याती झाली. १७८०च्या दशकात जॉन कोकली लेटसम नावाच्या डॉक्टरने इंग्लंडमध्ये त्याचा याच नावाने प्रचार केला. सलगमची चाऱ्यासाठी लागवड त्याच्या कितीतरी आधीची. १७३० मध्ये राजकारण सोडून इंग्लंडमधल्या नॉरफोकला आपल्या जमिनीवर परतलेल्या चार्ल्स टाउनशेंडला लोक टर्निप टाउनशेंड म्हणायचे, पण खरं बघता त्या भागात त्याच्या आधीपासून शेतकरी गुरांसाठी सलगम लावतच होते, त्याने ते मोठ्या प्रमाणावर केलं आणि नाव झालं. गहू, सलगम, बार्ली, क्लोव्हर (शेंगवर्गीय चारा) अशी चार वर्षांची फेरपालट तिथली, तिच्यात सलगमचं वर्ष म्हणजे तण काढायचं वर्ष कारण ओळीत लावलेल्या पिकात खुरपं-कोळपं चालतं, आणि जनावरं जास्त जगली की शेणखत जास्त, खत जास्त की गहू जास्त. नंतर मुरघास आला, यंत्रं आली, मजूर मिळेनासे झाले आणि कंद मागे पडले. आता चांगल्या जाती आणि काढणीची यंत्रं आल्यावर न्यूझीलंडसारख्या देशात चाराबीट पुन्हा मोठ्या प्रमाणात दिसतं.

लागवडीचं थोडक्यात सांगतो. बीटाला जमिनीचा सामू (पीएच) साडेसहा ते सातच्या जवळ हवा, आंबट जमिनीत ते बसूनच राहतं, आधी चुना टाका. माती इतकी भुसभुशीत की मूळ सरळ खाली जाईल, खाली कडक थर लागला की कंदाला फाटे फुटतात आणि त्या फाट्यांत माती अडकते जी पुढे जनावराच्या तोंडात जाते. बी दोन-तीन सेंटीमीटर खोल, ओळीत ४५-५० आणि रोपांत २०-२५ सेंटीमीटर. जुन्या जातींचं जे एक बी दिसतं ते खरं म्हणजे दोन-चार बियांचा गठ्ठा असतो, एका जागी तीन रोपं उगवतात आणि वेळेत विरळणी केली नाही तर तिन्ही बोटाएवढीच राहतात, एकबीजी जाती घेतल्या तर हे काम वाचतं. पेरायची घाई करू नका, माती पाच-सहा डिग्रीच्या खाली असताना पेरलं आणि कोवळ्या रोपांना लांबलेली थंडी लागली की त्यांना वाटतं हिवाळा होऊन गेला, मग ती पहिल्याच वर्षी दांडा काढून फुलतात, कंद लाकडासारखा होतो. पहिले सहा-आठ आठवडे बीट तणापुढे फार दुबळं असतं, पीक हातचं जातं ते बहुतेक याच काळात, एकदा पानांनी ओळी झाकल्या की मग तेच तणाला दाबतं.

बीटाच्या गाभ्यात काळी सड दिसली तर बोरॉनची कमतरता आहे असं समजा, स्वीडमध्ये आतून तपकिरी डाग पडतात तेही त्यामुळेच. बोरॉन अगदी थोडं लागतं आणि जास्त झालं तर पुढच्या धान्याच्या पिकाला बाधतं, म्हणून माती तपासूनच द्या. आणि सलगम-स्वीड ही कोबीच्या घराण्यातली, त्यांना मुळांना गाठी आणणारा गदा रोग लागतो ज्याचे बीजाणू जमिनीत पंधरा-वीस वर्षंसुद्धा राहतात, म्हणून त्याच शेतात चार-पाच वर्षं तरी त्या घराण्यातलं काहीही परत नको.

काढणी आणि साठवण यावर मात्र जरा थांबतो, कारण उभं पीक बघून खूश झालेले लोक नेमके इथे हरतात. मँगेल कडक थंडी पडायच्या आधी काढायचं. पानं कोयत्याने छाटू नका, एका हाताने कंद धरून दुसऱ्या हाताने पाला मूठभर पकडायचा आणि पिळून तोडायचा, छाटलेल्या कंदातून रस गळत राहतो आणि सड तिथूनच सुरू होते. मुळाची शेपटी कापायची नाही, कंद एकमेकांवर आपटून माती झाडायची नाही, ढिगावर फेकायचेही नाहीत. प्रत्येक जखम म्हणजे बुरशीला उघडं दार.

मग ढीग. पाणी न साचणाऱ्या उंच जागी, पाया दोन-अडीच मीटर रुंद, उंची सव्वा-दीड मीटर, लांबी हवी तेवढी, वर निमुळतं होत गेलेलं घराच्या छपरासारखं. त्यावर हातभर पेंढा आणि पेंढ्यावर वीतभर माती थापायची, बाजूने चर काढायचा. पण माती लगेच पूर्ण झाकायची नाही, आधी काही दिवस माथा नुसत्या पेंढ्याखाली ठेवायचा कारण कंद जिवंत आहेत, ते श्वास घेतात, स्वतःची साखर जाळतात आणि त्यातून उष्णता आणि ओल बाहेर पडते, ती कोंडली की अख्खा ढीग आतून उकडतो. माती लावल्यावरही माथ्यावर ठरावीक अंतराने पेंढ्याच्या जाड पेंड्या उभ्या रोवून ठेवायच्या, धुराड्यासारख्या. आत हवं आहे तीन ते पाच डिग्री टेम्परेचर, गोठणार नाही पण गरमही होणार नाही असं. थंडीच्या सकाळी ढिगाजवळ उभं राहून त्या पेंड्यांवर हात धरा, वाफ लागतेय का आणि वास कसला येतोय, मातीचा वास आला तर ठीक, आंबट वास आला तर त्याच दिवशी तो भाग उघडा आणि सडके काढा. एकदा गोठून वितळलेला कंद टिकत नाही, तो ताबडतोब संपवायचा आणि काळा-मऊ झाला असेल तर जनावराला द्यायचाच नाही.

मँगेल काढल्या काढल्या खाऊ घातलं तर जनावरं पातळ हगतात, ताज्या कंदातल्या नायट्रेटचा त्यात हात असतो असं सांगतात. म्हणून जुने लोक त्याला अढीत ठेवल्यासारखं ढिगात काही आठवडे मुरू देत आणि हिवाळ्याच्या दुसऱ्या अर्ध्यात काढत. आधी सलगम, मग स्वीड, शेवटी मँगेल हा क्रम त्यातूनच आला.

आता खाऊ घालणं, आणि इथे चूक झाली तर जीव जातो. गायीच्या कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, अब्जावधी सूक्ष्मजीव असतात, गवत तेच पचवतात आणि गाय त्यांच्या कमाईवर जगते. गवत पचवणारी मंडळी वेगळी आणि साखर खाणारी वेगळी. चाराबीटच्या कोरड्या वजनातला निम्मा किंवा त्याहून जास्त भाग साखर, ती एकदम पोटात गेली की साखर खाणारे भराभर वाढतात आणि लॅक्टिक आम्ल इतकं तयार करतात की ते संपवणाऱ्यांना आवरत नाही, पोट आंबतं, सामू साडेपाचच्या खाली घसरतो, गवत पचवणारे मरायला लागतात. जनावर आधी खाणं सोडतं, रवंथ थांबतं, कान पाडून एका बाजूला उभं राहतं, शेण पातळ आणि आंबट वासाचं होतं, पुढे बसतं ते उठत नाही, लोकांना वाटतं दुग्धज्वर (विल्यावर कॅल्शियम कमी पडून होणारा आजार) झाला. वाट न बघता डॉक्टरला बोलवायचं आणि बीट खाल्लंय हे पहिल्या वाक्यात सांगायचं.

टाळायचं कसं, तर सूक्ष्मजीवांना बदलायला वेळ द्यायचा. पहिल्या दिवशी मोठ्या गायीला १ किलो कोरडं, म्हणजे चाराबीट ५-६ किलो, मग एक दिवसाआड अर्धा किलो कोरडं (३ किलो ओलं) वाढवायचं, ४ किलोवर पोचायला दोन आठवडे लागतील ते लागू द्या. मधे एक दिवस जरी शेण बिघडलं तरी वाढवणं थांबवा. आधी वाळलेलं गवत किंवा पेंढा पोटभर टाका, मग कंद, रिकाम्या पोटी कधीच नाही. दावणीतली दांडगी गाय शेजारणीचा वाटा ओढते हेही बघा, सरासरी २४ किलो टाकून एकीने ४० खाल्लं तर तुमचा हिशोब काय कामाचा, जागा रुंद ठेवा किंवा वेगळं बांधा. आणि ढिगाला पक्कं कुंपण घाला, रात्री दावं सोडवून ढिगावर गेलेलं जनावर हा सगळ्यात मोठा धोका आहे.

दुसरा धोका घशाचा. लहान गोल कंद गाय न चावता गिळायला जाते, तो अन्ननलिकेत अडकतो, ढेकर बंद होतो आणि पोट फुगून तासाभरात जीवावर बेततं. म्हणून बोटासारख्या लांब फोडी करून द्या, गोल चकत्या किंवा अर्धवट तुकडे नकोत. दात बदलत असलेल्या तरुण मेंढ्यांना तर अख्खं स्वीड कुरतडताच येत नाही, त्या ढिगासमोर उभ्या राहून वाळतात, त्यांना फोडीच लागतात. माती धुवून किंवा झटकून काढा, मातीने दात झिजतात आणि शेणही बिघडतं.

पाला फेकू नका, त्यात कंदापेक्षा दुपटीहून जास्त प्रथिनं असतात, पण बीटाच्या पाल्यात ऑक्झलेट असतं जे कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून दोन-तीन दिवस सुकवून आणि थोडाच द्यायचा, व्यायला आलेल्या गाईंना तर जपूनच. सलगम-स्वीडच्या पाल्याचं वेगळं, त्यातल्या एका गंधकयुक्त द्रव्याने जास्त दिवस जास्त खाल्लं तर तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी लालसर होते, शिवाय आयोडीनची कमतरता होऊन गाभण मेंढीच्या कोकरांना गळ्याला गाठ येऊ शकते. दूध देणाऱ्या गाईला सलगम धार काढल्यावर द्या, आधी दिलं तर दुधाला वास लागतो. मेंढ्या-बोकडांतले नर आणि खच्ची केलेले यांना मँगेल-बीट महिनोन्महिने देऊ नका, लघवीच्या मार्गात खडे होतात.

कंदात प्रथिनं जेमतेम ६ ते ८ टक्के, दुभत्या गाईला पूर्ण खाण्यात १५-१६ लागतात, म्हणून सोबत शेंगवर्गीय वाळलेला चारा किंवा पेंड आणि फॉस्फरस असलेलं खनिज मिश्रण हवंच. नुसता कंद आणि पेंढा दिला तर गाय चकचकीत दिसेल, दूध मात्र खाली येईल. आणि पाणी? २४ किलो बीटातून तिला जवळपास २० लिटर पाणी खाण्यातच मिळतं, म्हणून कमी प्यायली तर घाबरू नका, पण टाकी भरलेली ठेवा.

हिवाळा सरत आला, माती गरम झाली की ढिगातल्या कंदांना कोंब फुटायला लागतात, कोठीतली साखर ते आता त्यांच्या फुलोऱ्यासाठी खर्च करणार असतात. तेव्हा मोजून पुन्हा हिशोब करा, कोरडं वजन घटलेलं असतं, कोंब मोडून टाका आणि उरलेला माल त्या महिन्यात संपवा. शेवटचे पंधरा दिवस जसं चढवत नेलं तसंच उतरवत आणा, गवताची हिरवळ वाढत जाईल तसा कंद कमी कमी करत.